आपल्या मुलींना रेल्वे का नको?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात मुलामुलींसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. शामियाना, प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध पडदा. पडद्याच्या एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे. मला सरकारी नोकरीच्या संधींवर बोलायला दहा मिनिटं दिली होती. मी रेल्वेची भरती सांगितली. असिस्टंट लोको पायलटचा, म्हणजे सहायक इंजिनचालकाचा फॉर्म निघालाय, दहावी आणि आयटीआय असेल तर भरता येतो, मुलींनाही भरता येतो, एवढंच बोललो आणि बसलो.

माझ्यानंतर एक बुजुर्ग उठले. मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते म्हणाले, "सरांनी माहिती चांगली दिली. पण आपल्या मुलींसाठी टीचर ठीक, नर्स ठीक, फार तर बँक. रेल्वे-बिल्वे आपल्या मुलींना शोभत नाही. बायकांनी कधी रेल्वेची कामं केलीत का?" पडद्याच्या दोन्ही बाजूंनी हशा पिकला. मीही ओशाळून हसलो. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

दोन दिवसांनी एका मुलीचे वडील घरी आले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, वय एकोणीस, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड चांगल्या मार्कांनी पास झालेली. कार्यक्रमातून थेट सायबर कॅफेत जाऊन तिनं अर्धा फॉर्म भरून ठेवला होता. वडील चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "सर, तुमचा मान आहे, पण तिच्या डोक्यातून हे काढा. इज्जत का सवाल है. लोक हसतील."

मी त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. समोरासमोर माणूस मुरवत धरतो. म्हणून आज लिहितोय. हे उत्तर त्यांना आहे, त्या बुजुर्गांना आहे, आणि थोडं मला स्वतःलाही आहे.

बायकांनी कधी रेल्वेची कामं केलीत का, हा पहिला प्रश्न. इतिहासाच्या पुस्तकात आपण मुलांना शिकवतो की 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. मुलं तारीख पाठ करतात, मार्क मिळतात. पण गाडी रुळावरून धावते आणि रूळ कुणीतरी टाकावा लागतो, हे आपण शिकवत नाही. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतनंतर बोरघाट चढते. त्या घाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये संपलं. पंचवीस बोगदे, पूल, कातळ फोडून काढलेली वाट. काम ऐन भरात होतं तेव्हा चाळीस हजारांहून जास्त मजूर त्या डोंगरात राबत होते. पटकी, ताप, सुरुंग, दरडी यांनी हजारो माणसं मेली. काही अंदाज वीस हजारांच्या वर जातात.

हे मजूर म्हणजे फक्त पुरुष नव्हते. त्या काळी मातीकाम कुटंबच्या कुटुंब मिळून करायचं. पुरुष खणायचा, बाई पाटी भरून डोक्यावरून वाहायची, पोरं तिच्या मागे. देशभर जिथं जिथं रेल्वेचे भराव पडले तिथं तिथं माती वाहणाऱ्यांत बायका होत्या आणि त्यांना मजुरी पुरुषापेक्षा कमी होती. आपण आज ज्या भरावावरून एसी डब्यात बसून जातो, त्यातली माती बाईच्या डोक्यावरून आलेली आहे. तेव्हा कुणाला हे बायकांना शोभत नाही असं वाटलं नाही. डोक्यावर पाटी शोभते, हातात इंजिनाचा हँडल शोभत नाही, असा हा न्याय आहे.

याच बोरघाटात आणखी एक बाई आहे. घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होतं. 1859 मध्ये तो इथं आला आणि काही दिवसांतच आजारानं गेला. कंत्राट त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं स्वतःकडे ठेवलं, दोन जाणकार इंजिनिअर कामावर देखरेखीला नेमले आणि काम तडीस नेलं. ॲलिसला मी देवी करत नाही. ती मालकीण होती, त्या मरणाऱ्या मजुरांच्या कामावर तिचं कंत्राट चाललं होतं. पण आशियातल्या त्या काळच्या सर्वांत अवघड रेल्वेकामांपैकी एकाची कंत्राटदार बाई होती, हे खरं आहे. वर कंत्राटदार बाई, खाली पाटी वाहणारी बाई. वरच्या बाईचं निदान नाव तरी उरलं. खालच्या बायकांचं तेवढंही राहिलं नाही.

आता मोहल्ल्याकडे येतो. आमचं गाव रेल्वेचं गाव. माझ्या लहानपणी गल्लीत घरटी एक माणूस रेल्वेत होता. कुणी खलाशी, कुणी फायरमन, कुणी गँगमन. माझे दादा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. तेव्हा मोबाईल नव्हते. ड्युटीची वर्दी घेऊन कॉलबॉय यायचा, रात्री एकला, दोनला, तीनला. दारावर थाप पडली की आधी दादी उठायची. चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची, डबा भरायची, दादांची पेटी तयार ठेवायची. ते गेले की ती फजरच्या नमाजपर्यंत जागीच असायची, कारण परत झोपायला वेळ उरायचा नाही. दादांना रात्रपाळीचा भत्ता मिळायचा. दादीला काही मिळत नव्हतं. तीस वर्षं तिनं रेल्वेची रात्रपाळी केली आणि तिचं नाव कुठल्या मस्टरवर नाही. आमच्या घरातल्या बायकांना रात्रपाळी झेपत नाही असं कुणी म्हटलं की मला दादी आठवते.

1974 च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा मोठा संप झाला, वीस दिवस चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांना क्वार्टर्समधून बाहेर काढण्यात आलं. नवरा आत किंवा भूमिगत, पगार बंद, सामान रस्त्यावर, अशा वेळी घर धरून ठेवलं ते बायकांनी. रेल्वे कामगारांच्या लढ्याचा हा भागही इतिहासात एखाद्या ओळीपुरता येतो.

मग रेल्वेच्या मस्टरवर बाईचं नाव आलं कसं? बरीच वर्षं त्याचा एक मोठा रस्ता होता नवऱ्याच्या मरणाचा. कामावर असताना नवरा गेला की अनुकंपा तत्त्वावर बायकोला घ्यायचे. ऑफिसात पाणी द्यायला, वेटिंग रूम सांभाळायला, झाडलोट करायला, कुठे कुठे रुळाच्या गँगमध्येही. आमच्या गल्लीतही अशी एक खाला होती. ती निळा कोट घालून कामावर जायची तेव्हा कुणी इज्जतीचा सवाल काढला नाही. उलट सगळे म्हणायचे, बिचारी, पोरांसाठी करते. जयपूर स्टेशनवर मंजू देवी नावाची बाई हमालीचं काम करते. नवरा गेल्यावर तिनं त्याचा पंधरा नंबरचा बिल्ला घेतला. 2018 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा सन्मान झाला. सन्मान झाला ते चांगलंच झालं. पण मला विचारायचंय, की बाईनं रेल्वेत काम करावं यासाठी आधी नवरा मरावाच लागतो का? विधवा झाल्यावर जे काम हलाल ठरतं, ते लग्नाआधी स्वतःच्या हुशारीवर मिळवलं तर बेइज्जती कशी होते? मजबुरीत चालतं आणि मर्जीनं चालत नाही. म्हणजे आपला आक्षेप कामाला नाहीच. तो मुलीच्या मर्जीला आहे.

दुसरा सवाल असा की आपल्यात कुणी केलंय का. केलंय. मुमताज काझी हे नाव आपल्या प्रत्येक उर्दू शाळेच्या भिंतीवर असायला हवं होतं. मुंबईची मुलगी, वडील रेल्वेत. 1989 मध्ये तिनं इंजिनचालकाच्या जागेसाठी अर्ज केला. वडिलांना ते पटलं नव्हतं, मुलीनं लॅब टेक्निशियनचा कोर्स करावा असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याच घरातला संवाद वाटतो ना? नंतर जवळच्या लोकांनी त्यांची समजूत घातली, वडील तयार झाले आणि मुलगी परीक्षा देऊन रेल्वेत लागली. डिझेल इंजिन चालवणारी आशियातली पहिली महिला म्हणून 1995 मध्ये लिम्का बुकनं तिची नोंद केली. पुढे ती मध्य रेल्वेवर मुंबईची लोकल चालवू लागली. 2017 मध्ये 8 मार्चला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिला नारी शक्ती पुरस्कार मिळाला. लग्न झालं, मुलं झाली, नोकरीही राहिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे या मार्गावर, म्हणजे 1853 च्या त्याच पहिल्या मार्गावर, खच्चून भरलेली लोकल एक मुसलमान बाई चालवते आणि डब्यातल्या हजारो माणसांना ते ठाऊकही नसतं. त्यांना वेळेवर पोहोचायचं असतं. ती पोहोचवते.

मी शाळेत मुलींना विचारलं, मुमताज काझी कोण? एकीलाही माहीत नव्हतं. त्यात मुलींचा दोष नाही. आम्ही मास्तरांनी सांगितलंच नव्हतं.

मुमताजच्या आधी सुरेखा यादव. साताऱ्याची, शेतकऱ्याच्या घरची, कराडला इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेली. तिला खरं तर बीएड करून शिक्षिका व्हायचं होतं. मी स्वतः बीएड आहे, म्हणून हे वाचून मला गंमत वाटली. रेल्वेचा अर्ज केला, निवड झाली, कल्याणला प्रशिक्षण झालं आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती सहायक चालक झाली, भारतातली पहिली. आधी मालगाड्या, मग 2000 मध्ये लेडीज स्पेशल लोकल. 8 मार्च 2011 ला तिनं डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली. मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. दोन्ही गाड्या बोरघाट उतरतात. जिथं बायकांनी डोक्यावरून माती वाहिली, त्याच घाटातून दीडशे वर्षांनी एक बाई इंजिनात बसून गाडी खाली आणते. ती 2025 मध्ये निवृत्त झाली. म्हणजे ज्या कामाला आपण आज नवीन म्हणून बिचकतोय, ते करून एक बाई पेन्शनीवर गेलीसुद्धा.

तिसरा सवाल दीनचा. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण जे सर्वांना माहीत आहे ते तर सांगू शकतो. हजरत खदीजा (रजि.) व्यापार करत होत्या, त्यांचे काफिले शामपर्यंत जात आणि त्यांच्याच व्यापाराच्या कामावर हुजूर (स.) गेले होते. बाईच्या कमाईवर बाईचा हक्क कुराणनं मान्य केलेला आहे. यावर आमचे बुजुर्ग म्हणतात, तो जमाना वेगळा होता, पर्द्याचं काय? तर या जमान्याचं सांगतो. मक्का ते मदिना हरमैन नावाची हायस्पीड रेल्वे आहे, ताशी तीनशे किलोमीटर वेगाची. 2022 च्या सुरुवातीला त्या गाडीवर महिला चालकांच्या तीस जागांसाठी जाहिरात निघाली तेव्हा अठ्ठावीस हजार अर्ज आले. जानेवारी 2023 मध्ये बत्तीस महिलांची पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून तयार झाली. त्या डोक्यावर हिजाब घेऊन, युनिफॉर्म घालून गाडी चालवतात. आपल्या मोहल्ल्यातला हाजी मक्क्याहून मदिनेला जाताना ज्या गाडीत दरूद पढत बसतो, ती गाडी बाई चालवत असू शकते. तिथं त्याचा हज बिघडत नाही. मग परत येऊन स्टेशनवर उतरल्यावर त्याला अचानक पर्दा का आठवतो?

सौदीचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. तिथं 2018 पर्यंत बाईला साधी मोटार चालवायला परवानगी नव्हती. माझा मुद्दा एवढाच की काल जे हराम सांगितलं जात होतं ते आज सरकारी जाहिरातीत आलं. दीन तोच होता, हुकूम बदलला. म्हणजे अडथळा दीनचा नव्हता, रिवाजाचा होता. आणि सौदी नको असेल तर शेजारचा बांगलादेश घ्या. सलमा खातून तिथल्या रेल्वेत 2004 मध्ये सहायक चालक म्हणून लागली, देशातली पहिली. डिसेंबर 2022 मध्ये ढाक्याची मेट्रो सुरू झाली तेव्हा चालकाच्या जागी मरियम अफीजा ही तरुणी होती आणि प्रवाशांत त्या वेळच्या पंतप्रधान होत्या.

आणि हा रोग एकट्या मुसलमानांचा आहे असंही कुणी समजू नये. हा ब्लॉग आमच्याबाहेरचे लोकही वाचतात, त्यांना हे खास सांगतोय. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे पुरुष लढाईवर गेले तेव्हा तिथल्या रेल्वे कंपन्यांनी बायकांना हमाल, तिकीट कलेक्टर, गाड्या धुणाऱ्या म्हणून हजारोंनी घेतलं. युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना घरी पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. तिथं बाईच्या हाती इंजिन यायला 1970 चं दशक उलटावं लागलं. रशियात 1930 च्या दशकात झिनाईदा त्रोईत्स्काया ही बाई इंजिन चालवत होती, सरकार तिचा गौरव करत होतं. नंतर त्याच देशात बायकांना वर्ज्य कामांची यादी झाली आणि इंजिन त्या यादीत गेलं. 2021 मध्ये बंदी उठली तेव्हा मॉस्को मेट्रोत पुन्हा महिला चालक आल्या. गरज पडली की बाई चालते, गरज सरली की नाजूक होते. हे ख्रिस्ती देशात झालं, निधर्मी देशातही झालं. तेव्हा "तुमच्यात मुलींना बाहेर पडू देत नाहीत" असं आम्हाला सुनावण्याआधी स्वतःच्या घरातल्या मुलीनं इंजिनचालक व्हायचं म्हटलं तर काय होईल, याचा विचार करावा. 2024 मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार भारतीय रेल्वेत बायकांचं प्रमाण शंभरात आठच्या आसपास आहे. महिला लोको पायलट 2014 मध्ये 371 होत्या, दहा वर्षांत 2,000 च्या वर गेल्या. वाढ चांगली आहे. पण बाकीच्या ब्याण्णव जागा काही मुसलमानांच्या पर्द्यामुळे पुरुषांकडे गेलेल्या नाहीत.

उलट आमचं दुखणं दुहेरी आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात रेल्वेत मुसलमान साडेचार टक्के दिसतात आणि त्यांतले जवळजवळ सगळे, शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त, खालच्या जागांवर. ज्या समाजाच्या गल्लीगल्लीत खलाशी आणि फायरमन होते त्याची ही गत. याची कारणं बाहेर आहेत तशी आतही आहेत. बाहेरच्या कारणांवर मी या ब्लॉगवर बरंच लिहिलंय, पुढेही लिहीन. आज आतल्याबद्दल बोलतोय. साडेचार टक्क्यांवर रडायचं आणि घरातल्या अर्ध्या उमेदवारांना, म्हणजे मुलींना, फॉर्मच भरू द्यायचा नाही, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

चौथा सवाल मात्र खरा आहे, त्याला मी हसणार नाही. मुलीचे वडील म्हणाले, "सर, रात्री-बेरात्री कुठल्या स्टेशनवर, कुठल्या माणसाबरोबर?" बापाचं काळीज आहे. आणि महिला चालक स्वतः काय म्हणतात तेही ऐकायला हवं. बहुतेक इंजिनांत संडास नाही. पुरुष कसंबसं भागवतात, बाईनं काय करायचं? म्हणून अनेक जणी ड्युटीआधी पाणी पीत नाहीत, पाळीच्या दिवसांत हाल होतात. मालगाडी आठ-आठ, दहा-दहा तास रानात उभी राहते. 2024 मध्ये महिला लोको पायलटांनी रेल्वे बोर्डाकडे कामाची अवस्था सुधारा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या विभागात बदली द्या, अशी मागणी केली. ही गोष्ट शरमेची आहे आणि शरम रेल्वेला वाटली पाहिजे. दर 8 मार्चला एखादी गाडी फक्त महिलांच्या हाती देऊन फोटो काढायचे, मुंबईत माटुंगा स्टेशन 2017 पासून महिलांच्या हाती दिलं म्हणून अभिमानानं सांगायचं, सप्टेंबर 2023 मध्ये जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या म्हणून हार घालायचे, आणि इंजिनात एक संडास बसवायला वर्षानुवर्षं लावायची. काही इंजिनांत आता सोय होऊ लागली आहे. ती सगळ्या इंजिनांत झाली पाहिजे.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? इंजिनात संडास नाही, म्हणून संडास मागायचा, की मुलगी काढून घ्यायची? हॉस्पिटलात नर्सला रात्रपाळी असते, तिथं अनोळखी पुरुष असतात, तरीही आमचे बुजुर्ग नर्स चालेल म्हणाले. म्हणजे रात्र चालते. अनोळखी पुरुषही चालतो. चालत नाही ती फक्त मशीन. बाईनं सेवा करावी, शिकवावं, जखम बांधावी. तिनं हजारो टनांची गाडी हाकू नये, कारण मग तिच्या हातात ताकद दिसते. शिवाय रेल्वेत इंजिन एवढंच काम नाही. स्टेशन मास्तर आहे, गार्ड आहे, सिग्नल आहे, वर्कशॉप आहे, तिकीट तपासनीस आहे, कार्यालय आहे. मुलगी आणि बाप मिळून ठरवू शकतात कुठलं काम जमेल. ठरवायला बसा तर. तुम्ही दारच लावून घेता.

आता माझ्या वाट्याचा दोष. 2009 ची गोष्ट. माझ्या वर्गातली एक मुलगी, गणितात सगळ्या मुलांच्या पुढे. दहावीनंतर ती मला विचारायला आली होती की सर, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल घेऊ का? तिचा मामा रेल्वेत होता, त्यानं सुचवलं होतं. मी नवखा होतो, आणि स्वतःला फार समजूतदार मानत होतो. मी तिला म्हणालो, "बेटा, ते मुलांचं काम. तू बारावी कर, मग डीएड कर. मुलींसाठी टीचरसारखी इज्जतीची नोकरी नाही." तिनं ऐकलं. मुली मास्तरांचं ऐकतात. ती डीएड होईपर्यंत राज्यात शिक्षकभरती थांबली, आणि थांबली ती वर्षानुवर्षं थांबलीच. डीएड झालेल्यांचे लोंढे घरी बसले. आज ती दोन मुलांची आई आहे, घरी बसून पहिली ते चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घेते, महिन्याला पोरामागे दोनशे रुपये. त्यातलेही निम्मे बुडतात. तिनं मला कधी दोष दिला नाही. रस्त्यात भेटली की सलाम करते. तो सलाम घेताना मला बोचतं.

म्हणून बुजुर्गांवर मी फार जोरात ओरडू शकत नाही. शामियान्यात त्यांनी जे म्हटलं ते मीही एकेकाळी म्हटलेलं आहे. फरक एवढाच, की माझ्या शब्दाची किंमत कुणी मोजली ते मी पाहिलंय.

त्या मुलीच्या वडिलांना आता थोडं हिशेबाचं सांगतो. सहायक लोको पायलटचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 19,900 रुपयांपासून सुरू होतो, वर भत्ते वेगळे. फॉर्मची फी मुलींना आणि अल्पसंख्याकांना 250 रुपये आहे आणि परीक्षेला बसलं की ती परत मिळते. परीक्षा मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. उर्दू माध्यमाचं कारण सांगून मुलींना मागे ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. डोळ्यांची तपासणी कडक असते, मानसिक क्षमतेची चाचणी असते, ती मुलालाही असते आणि मुलीलाही. मशीन विचारत नाही की हँडलवरचा हात कुणाचा आहे. सिग्नल लाल दिसला की गाडी थांबवायची, हिरवा दिसला की न्यायची. आणि लोक हसतील म्हणता? मुमताज काझीच्या वडिलांनाही शंका होतीच. त्यांनी मुलीला जाऊ दिलं. त्यांच्यावर हसलेल्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

त्या भरतीच्या फॉर्मची मुदत संपली. मुलीचा फॉर्म सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर अर्धाच राहिला. पंधरा दिवसांपूर्वी ती बाजारात अम्मीबरोबर दिसली. मला बघून तिनं विचारलं, "सर, पुढची भरती कधी?" अम्मी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, पण मुलीला गप्पही केलं नाही. सध्या वयाची मर्यादा तीस आहे, मुलगी एकोणीसची आहे. अकरा वर्षं आहेत. अकरा वर्षांत बापाचं मन वळत नाही असं मला वाटत नाही, पण त्यातली एकेक भरती हातातून जाऊ देण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा असतात, मय्यतीची खबर असते, चंद्याचा हिशेब असतो. पुढची रेल्वे भरती निघेल तेव्हा तिची जाहिरातही तिथं लागावी, आणि खाली ठळक लिहावं की मुलीही अर्ज करू शकतात. उर्दू शाळांतल्या माझ्या शिक्षक भावाबहिणींनी आठवी-नववीपासून मुलींना आयटीआयचे ट्रेड समजावून सांगावेत. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे शब्द मुलींच्या वर्गात उच्चारले तर काही बिघडत नाही. मी माझ्या शाळेत दर रविवारी सकाळी दहाला गणित आणि सामान्य ज्ञानाचा वर्ग घेणार आहे, फुकट. मुलीच्या वडिलांनी तिला पाठवावं. वाटल्यास त्यांनी स्वतः मागच्या बाकावर येऊन बसावं, चहा माझ्याकडून. आणि त्या बुजुर्गांनाही दावत आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी या वेळी न हसता देईन.